न जुळलेली सही

२००४ सालची दिवाळी तोंडावर आली होती. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा बँकेचा शाखाधिकारी होतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बँकेत पाय ठेवायला जागा नसते. बोनसवाले, ऊसबिलवाले, भिशी फुटलेल्या बायका, सगळे एकाच वेळी काउंटरवर. अशा गर्दीत आमचे एक जुने लिपिक केबिनमध्ये आले. हातात एक चेक आणि चेहऱ्यावर अवघडलेपण.

‘‘साहेब, वहिनींचा चेक आहे. सही जुळत नाही.’’

मी नमुना सहीचे कार्ड मागवले आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. कार्डावरची सही दोन वर्षांपूर्वीची, या गावी बदली झाल्यावर खाते उघडताना केलेली. गोल, ठसठशीत. घरी मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईची शोभावी अशी. चेकवरची सही मात्र वेडीवाकडी, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने थरथरत्या हाताने केल्यासारखी. ‘‘सही त्यांचीच आहे, मला माहीत आहे. पण...’’ लिपिकांनी वाक्य अर्धेच सोडले. मी नियमाप्रमाणे चेक परत केला आणि संध्याकाळी घरी जाऊन सौ.ला चार शब्द सुनावले. ‘‘शाखाधिकाऱ्याच्या बायकोचा चेक परत जातो, शोभते का हे? जरा सावकाश सही करत जा.’’

ती काही बोलली नाही, आत निघून गेली. थोड्या वेळाने मुलगी येऊन म्हणाली, ‘‘बाबा, आई रडतेय.’’

ही हकिगत सांगायचे कारण असे की, मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. माणसांचे निरीक्षण बरे आहे, असे लोक म्हणतात. पण ज्या बाईबरोबर तेव्हा अठरा वर्षे संसार केला होता, तिच्या शरीरात काय चालले आहे ते मला दिसले नाही. दिसले ते फक्त तिचे ‘वागणे’. आणि वागण्याचा दोष आपण माणसावर टाकतो, आजारावर टाकत नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासूनच काहीतरी बिनसले होते. सौ. एकाएकी चिडकी झाली होती. भाजीत मीठ कमी पडल्याचे कोणी बोलले तरी डोळ्यांत पाणी, नाहीतर भांड्यांचा आवाज. रात्री झोप नाही. ऑक्टोबर सरला, थंडी पडू लागली, आम्ही सगळे पांघरुणात आणि हिला पंखा हवा. भूक मात्र वाढली होती. दोन पोळ्या खाणारी बाई चार खात होती, तरी ब्लाउज सैल होत चालले होते. जिन्याच्या दहा पायऱ्या चढली की धाप लागायची. माझी आई म्हणाली, ‘‘सूनबाईचे वय झाले आता, चाळिशीनंतर असे होतेच.’’ शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘साखर तपासून घ्या.’’ साखर तपासली, ती व्यवस्थित निघाली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून निदान केले: स्वभाव तापट झालाय.

त्या दिवाळीत दारात तिने रांगोळी काढली. दरवर्षी तिची रांगोळी बघायला आळीतल्या बायका यायच्या. त्या वर्षी रेघा जाड-बारीक, ठिपके ओळ सोडून पडलेले. तिने ती अर्ध्यावरच पुसून टाकली आणि मुलीला म्हणाली, ‘‘तूच काढ.’’ चेकवरची सही आणि ही रांगोळी यांचा संबंध तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आला.

रात्री मोजलेली नाडी

गावातल्या डॉक्टरांनी पुण्याच्या ग्रंथितज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी सौ.ला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले आणि बोटांवर एक साधा कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरत होता. मग त्यांनी तिचा तळवा हातात घेतला आणि मला म्हणाले, ‘‘तुम्हीही हात लावून बघा. घाबरलेल्या माणसाचा तळवा ओला असतो, पण गार असतो. हा ओला आहे आणि गरम आहे.’’

रक्ताच्या तपासण्या लिहून देताना त्यांनी मला एक काम दिले. ‘‘आज रात्री त्या गाढ झोपल्या की त्यांची नाडी मोजा. काळजीने ज्याची छाती धडधडते, त्याची नाडी झोपेत खाली येते. थायरॉइडमुळे धडधडत असेल तर झोपेतही येत नाही.’’

त्या रात्री पुण्यात बहिणीच्या घरी मी उशाशी घड्याळ घेऊन बसलो. पहाटे तीनच्या सुमारास तिला डोळा लागला. मी तिच्या मनगटावर बोटे ठेवली आणि सेकंदकाट्याकडे बघत मोजू लागलो. मिनिटाला एकशे बारा. पुन्हा मोजले. एकशे दहा. ही बाई झोपेत धावत होती. सहा महिने ती अशीच दिवसरात्र धावत होती, आणि आम्ही तिला ‘जरा शांतपणे घे’ असे सांगत होतो. त्या रात्री मला जेवढी स्वतःची लाज वाटली, तेवढी त्याआधी कधी वाटली नव्हती.

अहवाल आला. थायरॉइड गरजेपेक्षा फार जास्त काम करत होती. वैद्यकीय भाषेत हायपरथायरॉइडिझम, आणि तिच्या बाबतीत त्याचे कारण होते ग्रेव्हज् आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज् यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीतल्या कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून युरोपात तो काही ठिकाणी ग्रेव्हज् तर काही ठिकाणी बासेडो या नावाने ओळखला जातो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक होतो. पुरुष सुटतात असे मात्र नाही. १९९१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश धावताना हृदयाचे ठोके अनियमित झाल्यामुळे रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा मुळाशी हाच आजार निघाला. त्यांच्या पत्नी बार्बरा यांनाही तो आधीच झालेला होता. आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकणारी गेल डेव्हर्स याच आजारातून उठून धावली होती.

अहवालातल्या एका ओळीने मी गोंधळलो. टीएसएच नावाचा आकडा जवळजवळ शून्य होता. ग्रंथी जास्त काम करते म्हणता, मग आकडा कमी कसा? डॉक्टरांना माझा व्यवसाय ठाऊक होता. ते म्हणाले, ‘‘टीएसएच हे थायरॉइडचे रसायन नाही. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला पाठवलेला तो हुकूम आहे. तुमच्या भाषेत हेड ऑफिसचे पत्र समजा. शाखेत माल जास्त झाला की हेड ऑफिस पत्रे पाठवणे बंद करते. म्हणून टीएसएच खाली गेला आहे.’’

‘‘मग हुकूम बंद झाल्यावरही शाखा का थांबत नाही?’’

‘‘कारण तिला बनावट हुकूम मिळतो आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून अशी प्रतिपिंडे तयार करते, की जी टीएसएचच्या जागी जाऊन बसतात. ग्रंथीला ती सही खरी वाटते.’’

बँकेतल्या माणसाला याहून स्पष्ट काय सांगणार? माझ्या शाखेत खरी सही नाकारली गेली, आणि त्याच बाईच्या गळ्यात खोटी सही महिनोन् महिने वटत होती.

त्याच नावाची उलटी गोळी

घरी परतल्यावर बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकू मायेने आपली गोळ्यांची छोटी बाटली घेऊन आल्या. ‘‘अहो, मलापण थायरॉइड आहे की! रोज सकाळी अनशापोटी एक घ्यायची. डॉक्टरकडे पुण्याला जायची काय गरज?’’

‘मला थायरॉइड आहे’ असे आपण म्हणतो, जणू बाकीच्यांना ती नसतेच. ती सगळ्यांना असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखी, पंधरा-वीस ग्रॅम वजनाची. बिघडते ती दोन उलट्या दिशांनी. काकूंची ग्रंथी कमी काम करत होती, आणि हाच प्रकार आपल्याकडे कितीतरी अधिक आढळतो. त्यावरची गोळी म्हणजे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचाच स्राव बाहेरून देणे. सौ.च्या रक्तात तोच स्राव आधीच ओसंडत होता. काकूंची गोळी तिने घेतली असती तर आगीत तेल पडले असते. म्हणून वाचकांना पहिली विनंती ही की, नुसत्या ‘थायरॉइडची गोळी’ या नावावर कोणी कोणाला काही देऊ नये आणि घेऊ नये.

सौ.ला मिळालेली गोळी होती कार्बिमाझोल. पोटात गेल्यावर शरीर तिचे मेथिमाझोल या औषधात रूपांतर करते. अमेरिकेत थेट मेथिमाझोलच देतात. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये कार्बिमाझोलचा वापर अधिक. औषध जुने आहे, महागही नाही. आम्हाला गोळ्यांपेक्षा रक्ताच्या तपासण्या आणि एसटीची भाडीच जड गेली.

उंदरांनी लावलेला शोध

हे औषध सापडले कसे, याची कथा मला कोणत्याही कादंबरीइतकी रंजक वाटते. त्याआधी या आजारावर मुख्य इलाज होता शस्त्रक्रिया. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी ती इतकी सुरक्षित केली, की १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिला हाच आजार होता. १९१३ मध्ये तिच्यावरही कोखर यांनीच शस्त्रक्रिया केली. पण गोळी खाऊन ग्रंथी शांत करता येईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

पहिली खूण दाखवली ती सशांनी. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स येथील ॲलन चेस्नी यांच्या प्रयोगशाळेत ससे दुसऱ्याच कामासाठी पाळले होते. त्यांना मुख्यतः कोबी खायला घालत. त्या सशांना गलगंड झाले. कोबीत असे काय आहे, हा प्रश्न मागे राहिला. पुढे १९४१ च्या सुमारास त्याच संस्थेत मॅकेन्झी दांपत्य उंदरांच्या आतड्यातले जंतू मारण्यासाठी त्यांना एक सल्फा औषध देत होते. त्या उंदरांच्या थायरॉइड ग्रंथी फुगल्या. तिथेच कर्ट रिक्टर हे चवीचा अभ्यास करताना उंदरांना थायोयुरियाच्या जातीचे एक कडू रसायन देत होते, तर त्या उंदरांचेही तेच झाले. ग्रंथी फुगलेली, पण स्राव मात्र कमी. याचा अर्थ ही रसायने ग्रंथीचे उत्पादन अडवत होती. मेंदूतून ‘माल पाठवा’ असे हुकूम सुटत होते, ग्रंथी बिचारी फुगून प्रयत्न करत होती आणि माल काही तयार होत नव्हता.

बॉस्टनचे एडविन ॲस्टवुड यांनी यातली खोच ओळखली. निरोगी उंदराला जे अपाय करते, तेच जास्त उत्पादन करणाऱ्या ग्रंथीच्या रोग्याला उपाय ठरेल. त्यांनी अशी अनेक रसायने उंदरांवर तपासली आणि १९४३ मध्ये थायोयुरिया व थायोयुरॅसिल देऊन रोगी बरे केल्याचे प्रसिद्ध केले. त्या पहिल्या औषधांचे दुष्परिणाम फार होते. मग अधिक सौम्य अशी प्रोपिलथायोयुरॅसिल, मेथिमाझोल आणि कार्बिमाझोल ही औषधे पुढच्या आठ-दहा वर्षांत आली. १९५४ मध्ये ॲस्टवुड यांना लास्कर पारितोषिक मिळाले. आजही जगभर हीच तीन औषधे वापरात आहेत.

जाता जाता एक सांगतो. सशांची गोष्ट ऐकून कोणी रोज कोबी खाऊन हा आजार घालवू म्हणेल तर ते होणार नाही. आणि समुद्रशेवाळाच्या किंवा आयोडिनच्या ‘शक्तिवर्धक’ गोळ्या तर या रोग्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

आवक बंद, शिल्लक बाकी

गोळ्या सुरू झाल्या. दिवसाला तीस मिलिग्रॅम. आठवडा गेला, दोन आठवडे गेले. हाताचा कंप तोच, झोप नाहीच. सौ. कंटाळली. मी पुण्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ‘‘तुम्ही बँकेतले ना? मग खात्याचा विचार करा.’’

थायरॉइड आहारातले आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून आपला स्राव बनवते. आयोडीन जोडण्याच्या या कामाला एक विकर लागते. कार्बिमाझोल त्या विकरालाच अडवते. म्हणजे नवे उत्पादन थांबते. पण ग्रंथीची एक खासियत आहे. ती तयार माल कित्येक आठवडे पुरेल इतका साठवून ठेवते. शिवाय रक्तात उतरलेला थायरॉक्सिन निम्मा व्हायलाच सुमारे एक आठवडा लागतो. गोळीने खात्यातला भरणा बंद केला, पण आधीची शिल्लक उचलली जातच होती. ती संपेपर्यंत फरक कसा दिसणार? साधारण तीन ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून कितीजण डॉक्टर बदलत असतील!

मधल्या काळासाठी त्यांनी प्रोप्रॅनोलॉल दिले होते. ते ग्रंथीला हात लावत नाही, पण धडधड आणि कंप यांना लगाम घालते. दम्याच्या रोग्याला मात्र ते चालत नाही, म्हणून दमा असेल तर आधी सांगावे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. कधी कधी, विशेषतः बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत, ग्रंथीला सूज येते आणि साठवलेला माल नुसता गळून रक्तात उतरतो. लक्षणे तीच. पण तिथे उत्पादन वाढलेलेच नसते, कोठाराची भिंत फुटलेली असते. कारखाना बंद करणारी गोळी तिथे काय कामाची? ती सूज बहुधा आपोआप उतरते. म्हणून रक्तातली प्रतिपिंडे किंवा स्कॅन पाहून कारण नक्की करायचे आणि मग औषध. ग्रंथीत गाठी होऊन त्या स्वतंत्रपणे स्राव करत असतील, तर गोळ्या आजार ताब्यात ठेवतात, पण तो कायमचा घालवत नाहीत.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी सौ.ने स्वतःहून पंखा बंद केला. घरात कोणी काही बोलले नाही, पण आईने देवाला साखर ठेवली.

घसा दुखला तर

पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते: ‘ताप, घसा दुखणे किंवा तोंड येणे यांपैकी काहीही झाल्यास गोळी ताबडतोब थांबवा आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या.’ तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

फेब्रुवारीत एका शनिवारी संध्याकाळी सौ.चा घसा दुखू लागला, रात्री ताप चढला. गावातले दुसरे एक डॉक्टर म्हणाले, ‘‘हवा बदललीय, साथ आहे.’’ त्यांनी तापाची गोळी दिली. एरवी आम्ही ती घेऊन झोपलो असतो. पण कपाट उघडले आणि तो कागद समोर आला.

या औषधांनी, फार क्वचित, पांढऱ्या पेशी एकाएकी जवळजवळ नाहीशा होतात. हजारात दोन ते पाच रोग्यांच्या बाबतीत, आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. ते नसताना साधा घसासुद्धा जिवावर बेततो. आदल्या आठवड्यात तपासणी चांगली आली होती, या भरवशावर राहता येत नाही, कारण पेशी बघता बघता कोसळतात. वेळीच गोळी थांबवून रुग्णालयात इलाज झाला, तर बहुतेक रोगी सावरतात.

रविवारी सकाळी गावातली प्रयोगशाळा बंद. जीप करून साताऱ्याला गेलो. रक्त दिले आणि दोन तास बाकावर बसून राहिलो. सौ. म्हणाली, ‘‘अहो, नसती धावपळ करताय. घसाच तर आहे.’’ मी काही बोललो नाही. अहवाल आला. पेशी पुरेशा होत्या. खरोखरच साधी साथ होती. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आकडे ऐकून घेतले आणि गोळी पुन्हा सुरू करायला सांगितले.

नंतर लोक मला घाबरट म्हणाले. म्हणोत. बँकेत कॅश रोज मोजतो, ती काय रोज कमी भरते म्हणून? शंभर वेळा बरोबर भरली तरी एकशे एकाव्या वेळी मोजायचीच असते. ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाने असा कागद घरात लावावा आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर आपण कोणती गोळी घेतो ते आधी सांगावे. औषधाच्या पुडीवर हे ठळक अक्षरांत कोणी लिहीत नाही.

बाकी दुष्परिणामांत अंगाला खाज, पुरळ हे त्या मानाने साधे. डोळे किंवा लघवी पिवळी होणे मात्र यकृताचा इशारा असतो. प्रोपिलथायोयुरॅसिलमुळे यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तरी एका जागी त्यालाच पसंती असते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोल व मेथिमाझोल यांनी बाळात व्यंग येण्याचा धोका अधिक, म्हणून तेव्हा औषध लागलेच तर ते दिले जाते. लग्न झालेल्या, मूल होऊ द्यायचे असलेल्या मुलींनी ही गोष्ट दिवस राहिल्यावर नव्हे, त्याआधीच डॉक्टरांशी बोलावी. आणि घाबरून स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये. आजार मोकाट राहणेही बाळाला तितकेच वाईट.

माझी घाई

एप्रिलपर्यंत सौ. अगदी पूर्वीसारखी झाली. वजन भरले, नाडी सत्तरवर आली, शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या. गोळीही कमी होत होत दिवसाला दहा मिलिग्रॅमवर आली होती. आणि इथे मी चूक केली. मीच म्हणालो, ‘‘आता बरी आहेस. किती दिवस रसायने खायची? बघू थांबवून.’’ तिलाही ते हवेच होते. पुण्याची पुढची तारीख आम्ही चुकवली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि सौ.ने पुन्हा पंखा लावला.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘गोळीने कारखाना बंद ठेवला होता, पण बनावट हुकूम पाठवणारा अजून पकडला गेला नव्हता. तो थकेपर्यंत वेळ द्यावा लागतो. बरे वाटणे आणि बरे होणे यांत वर्षभराचे अंतर असते.’’ बारा ते अठरा महिने सलग औषध, हा नेहमीचा पाठ. मग निम्म्याच्या आसपास रोग्यांचा आजार शांत राहतो, बाकीच्यांचा परततो. हल्ली गोळी थांबवण्याआधी ती प्रतिपिंडे रक्तात किती उरली आहेत ते मोजतात, त्यामुळे अंदाज अधिक बरा येतो. काहींना कमी मात्रेत वर्षानुवर्षेही गोळी देतात, आणि तसे करणेही मान्य झाले आहे. पण खंड पडून पुन्हा सुरू केली, की घसा आणि ताप यांचा पहारा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचा, हेही डॉक्टरांनी बजावले. कपाटातला कागद तसाच राहिला.

या वेळी मी खातेवही घातली. तारीख, गोळी, नाडी, वजन, रक्ताचे आकडे. टीएसएच कित्येक महिने शून्याजवळच अडकून होता. डॉक्टरांनी समजावले की, बाकीचे आकडे जागेवर आले तरी हेड ऑफिस उशिरा जागे होते, तोवर मात्रा टी-थ्री आणि टी-फोर पाहून ठरवायची. डिसेंबर २००६ मध्ये गोळी रीतसर बंद झाली.

आजार २०१० मध्ये पुन्हा उठला. तेव्हा आम्ही किरणोत्सारी आयोडीन घ्यायचे ठरवले. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये त्याचा पहिला प्रयोग केला होता. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या विद्येचे माहेरघर आहे. ग्रंथी आयोडिनची भुकेली असते, म्हणून ते सरळ तिच्यातच जाऊन तिच्या पेशी निकामी करते. गर्भारपणात ते कधीही देत नाहीत, आणि डोळे पुढे आलेल्या रोग्यांत जपून देतात. सिगारेट ओढणाऱ्यांना डोळ्यांचा त्रास अधिक होतो, हेही ध्यानात ठेवावे. सौ.चे डोळे ठीक होते. ती मुंबईला गेली, औषध घेतले आणि काही दिवस लहान मुलांपासून लांब राहिली. पुढे ग्रंथीचे काम फारच कमी झाले. हे अपेक्षितच असते. आता ती रोज सकाळी अनशापोटी थायरॉक्सिनची गोळी घेते. होय, शेजारच्या काकूंचीच गोळी. जी २००४ मध्ये घात करती, तीच आज तिला चालते-बोलते ठेवते.

मी निवृत्त झालो त्याला काही वर्षे झाली. घरी कागदपत्रे लावून ठेवायचा मला नाद आहे. सौ.च्या आजाराची फाइल जाड आहे. परवा ती चाळताना दिसले की, त्यात सर्वांत खाली, पहिल्या अहवालाच्याही आधी, तो परत आलेला चेक ठेवलेला आहे. तिने जपून ठेवलेला. मी म्हटले, ‘‘अगं, हा कशाला ठेवलास?’’

ती म्हणाली, ‘‘असू द्या. माझा आजार सगळ्यांत आधी तुमच्या लिपिकांना दिसला होता. तुम्ही तर नुसते रागावला होतात.’’

त्यावर मी काय बोलणार? तुमच्याही घरात कोणी एकाएकी ‘तापट’ झाले असेल, तर वाद घालण्याआधी एकदा रात्री उशाशी घड्याळ घेऊन बसा.